घाटीत दम सोडणारी गाडी

रत्नागिरी
१० नोव्हेंबर २०२४

अभयदादा,

जयभीम. काल तुझा फोन तीनदा तुटला. रेंजसाठी वरच्या सड्यावर वाऱ्यात उभा राहून तू ओरडत होतास आणि मला ‘गाडी’, ‘मेली’, ‘तेजस्वी’ एवढंच ऐकू आलं. म्हणून आता लिहूनच पाठवतेय. वस्तीच्या एसटीचे कंडक्टर पाकीट तुझ्या हातात देतील.

मला कळलं ते असं. तेजस्वीवहिनीला तपासणीसाठी आणताना घाटीच्या दुसऱ्या वळणावर गाडीने दम सोडला. इंजिनचा पिवळा दिवा लागला. उरलेली चढण गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली. माथ्यावर तू चावी बंद करून पुन्हा फिरवलीस आणि गाडी काही झालंच नाही अशी पळाली. बरोबर ना?

हे भूत नाही, दादा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. त्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात. दाब हवा तेवढाच राहावा म्हणून टर्बोच्या अंगाला एक झडप असते. ती उघडली की जादा धूर बाजूने निघून जातो. ती उघडायला पेन्सिलीएवढा एक रॉड असतो. दाब फार कमी किंवा फार जास्त झाला की गाडीतला कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी ताकद काढून घेतो. चावी फिरवली की तो विसरतो. चढण आली की पुन्हा तेच.

मला संताप कसला आलाय ते सांगते. सप्टेंबरात तू हीच तक्रार घेऊन आमच्या गॅरेजात आला होतास. मालकांनी बॉनेट उघडलं, एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, “टर्बो गेला. नवा घाला.” दाब मोजला नाही. रॉड हलतो का ते बघितलं नाही. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने गाडीसाठी वर्गणी काढली आणि नवा टर्बो बसला. आता दोन महिन्यांत तेच रडगाणं! चार वर्षं मी पुस्तकात ‘आधी तपासणी, मग दुरुस्ती’ वाचत आले. इथे आधी बिल ठरतं आणि मग त्याला साजेसा रोग शोधतात.

तू एक कर. इंजिन थंड असताना टर्बोजवळचा रॉड पकडीने ओढून बघ. सोडल्यावर तो आपोआप मागे आला पाहिजे. काय दिसतं ते कळव. वहिनीच्या बाळंतपणाची तारीख अठरा डिसेंबर. वाडीतून दवाखान्याला जायला ही एकच गाडी आणि ही एकच घाटी. त्याआधी हे निस्तरलंच पाहिजे.

करुणा


बौद्धवाडी, आंबेकोंड
ता. राजापूर
१५ नोव्हेंबर

करुणे,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, पोरीला एवढं लिहायला वेळ मिळतो तर गॅरेजात काम कोण करतं? मी म्हटलं, आये, ती इंजिनीयर हाय, ती कागदावरच काम करते. राग मानू नको बाय.

रॉड बघितला. हलत नाय. पकडीने ओढला तर पकड सुटून माझंच बोट फुटलं. सांध्यापाशी पार काळाकुट्ट, चकचकीत, डांबर फासल्यासारखा. मला सांग, नवा टर्बो दोन महिन्यांत एवढा काळा होतो काय? माझं डोकं सातवीपर्यंतचं, पण मला वाटतं तुझ्या मालकाने आपला जुनाच रंगवून परत बसवलाय. नवा म्हणून मंडळाला टोपी घातली. दुसरं काय?

माझ्याकडून कसूर नाय. गाडीला मी पोटच्या पोरासारखं जपतो. दर रविवारी धुणं, पुसणं, तेलपाणी. गेल्या साली उंदरांनी वायरी कुरतडून ठेवल्या होत्या. यंदा एक उंदीर बॉनेटमध्ये शिरला नाय, कुणालाही विचार.

तेजस्वी बरी हाय. तिचे पाय सुजलेत. घाटीचं नाव काढलं की उठून आत जाते. तिच्या नवऱ्याचा, आपल्या धम्मदीपचा मुंबईहून रोज फोन असतो, सड्यावर जाऊन मलाच घ्यावा लागतो. रोज एकच विचारतो, गाडी नीट हाय ना? मी हाय म्हणतो. दुसरं काय सांगू?

अभय


रत्नागिरी
१९ नोव्हेंबर

अभयदादा,

तुझं पत्र वाचलं. काळा रंग! मी गॅरेजमागचा भंगाराचा ढीग सकाळी उपसून काढला. आपला जुना टर्बो तिथे नाही. म्हणजे तू म्हणतोस तेच. तो आपल्याच गाडीत परत बसलाय.

मी सरळ मालकांकडे गेले. ते काडीने दात कोरत बसले होते. मी विचारलं, “आमच्या वाडीच्या गाडीतून काढलेला टर्बो कुठे आहे?” त्यांनी काडीवरचं काहीतरी बोटाने पुसलं, तेच बोट खुर्चीला पुसलं आणि म्हणाले, “म्युझियम काढायचंय काय? मंडळाने पैसे दिले, तू पगार घेतलास, मग दुखतंय कुठं?” मागे पोरं फिदीफिदी हसली. त्यांतला एक कॉलेजात माझ्याच वर्गात होता.

आणखी एक सांगते, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या महिन्यात केळशीहून एक मास्तर गाडी घेऊन आले. चढणीला ओढत नाही, बाकी तक्रार नाही. मी तासभर पाइपांवरून हात फिरवला आणि बोटभर लांबीचा एक रबरी पाइप चिरलेला सापडला. त्यातून हवा फुसफुसत होती. एवढंच दुखणं. मी आनंदाने तो पाइप मालकांना दाखवायला गेले. त्यांनी तो बघितला, खिशात घातला आणि बाहेर येऊन मास्तरांना म्हणाले, “टर्बो गेलाय.” मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली मुलगी, मी खरं सांगेन असं त्यांना वाटलं असणार. मी फडक्याने हात पुसत राहिले. तो चेहरा आठवला की मला स्वतःची किळस येते.

वाडीत माझ्या पदवीचे पेढे वाटले, तेव्हा बाबा म्हणाले होते, आता आपल्याला कुणी गंडवणार नाही. बाबांना हे काय कळवू?

तू येत्या रविवारी गाडी घेऊन ये. गॅरेजात नको. मी राहते त्या खोलीसमोर लाव. हवेचा हातपंप आणि दाबाचा काटा मी स्वतःचा विकत घेतलाय. रॉडला दाब देऊन झडप उघडते का ते तुझ्या डोळ्यांसमोर बघू. मग तो रंगवलेला टर्बो काढून मालकांच्या टेबलावर ठेवीन. ये नक्की.

करुणा


आंबेकोंड
२५ नोव्हेंबर

करुणे,

रविवारी आलो नाय, तू वाट बघितली असशील. भातझोडणी चालू हाय आणि गाडी आता ठीक हाय. रॉडला मी तेल पाजलं, चांगलं दोन वेळा. सांधा मोकळा झाला. शनिवारी सहा माणसं घेऊन घाटी चढलो, दिवा लागला नाय. मालक चोर असला तर असो, आपलं काम झालं.

आता भांडण वाढवू नको. नोकरी जाईल ती जाईल, वर वाडीची मान खाली जाईल. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या गॅरेजात आपली करुणा हाय, आपल्याला फसवणार कोण? आता फसवलं म्हणून सांगायचं तर पहिलं तोंड माझंच काळं.

पाच तारखेला वाडीतली माणसं दादरला निघणार, चैत्यभूमीला. त्यांना स्टेशनावर सोडलं की मी मोकळा. मग आणतो गाडी.

अभय


रत्नागिरी
२ डिसेंबर

अभयदादा,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच. तुझ्या आईला वाचून दाखवू नको, आधी स्वतः वाच.

आपला जुना टर्बो सापडला. मालकांनी तो भंगारवाल्याला विकला होता, मी तिथे जाऊन शोधला. अंगावरचा नंबर आपल्या गाडीच्या कागदाशी जुळवला. तो आपलाच. म्हणजे तुझ्या गाडीत आज आहे तो खरोखर नवा आहे. मालकांनी रंगवून बसवलेला नाही. या एका बाबतीत मी त्या माणसावर खोटा आळ घेतला.

पण जुन्या टर्बोच्या रॉडलाही तोच काळा, चकचकीत थर होता. मी तो नखाने खरवडला. संध्याकाळपर्यंत माझी दोन बोटं उतली. फोड, खाज, आग. अशी बोटं माझी याआधी एकदाच झाली होती, लहानपणी कच्च्या काजूबिया दगडाने फोडल्या तेव्हा. मग मी त्या थराला गरम हवा दिली. खोलीभर काजू भाजल्याचा वास सुटला.

दादा, तू रॉडला काजूच्या टरफलांचं तेल लावतोस. गंगूकाकू दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून फासतात, तेच. उंदीर येऊ नये म्हणून तू ते बॉनेटभर फासलंस. उंदीर आले नाहीत, ते खरं. पण टर्बो निखाऱ्यासारखा तापतो. त्या उष्णतेत हे तेल आटून लाखेसारखं घट्ट बसतं. नवं तेल लावलं की जुनं थोडं सुटतं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. मग थर आणखी जाड होतो. झडप बंद राहून चिकटते, चढणीला जादा धूर बाहेर पडत नाही, दाब भडकतो आणि गाडी दम सोडते.

त्या जुन्या टर्बोचा पंखा मी एका बोटाने फिरवला. भिंगरीसारखा फिरला. तो कधी बिघडलेलाच नव्हता.

आता मी तुझ्यापासून लपवलं ते. सप्टेंबरात गाडीला कॉम्प्युटर मीच लावला होता. त्यातून कागदही मीच काढला. कागदावर ‘दाब जास्त’ असं होतं. झिजलेला टर्बो दाब कमी देतो, जास्त देऊच शकत नाही. हे मला परीक्षेत येतं. गॅरेजात आलं नाही, कारण मालक ‘टर्बो गेला’ म्हणाले आणि मला नोकरीला लागून अकराच दिवस झाले होते. जॉबकार्डवर ‘तपासून पाहिले, टर्बो निकामी’ असं लिहिलंय. खाली सही आहे, करुणा महिपत तांबे. मी तपासलं नव्हतं. दात कोरणाऱ्या माणसाला नावं ठेवताना माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

आता कर ते असं. तेल बंद. राजापुरातून कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे आण. हातमोजे घाल. तारेच्या ब्रशने सांधा घास आणि रॉड पकडीने मागेपुढे कर, तो स्वतःहून परत येईपर्यंत. ते होईस्तोवर वहिनीला या गाडीतून घाटी चढवायची नाही. वरच्या वाडीतल्या जानूभाऊंची जीप सांगून ठेव. आजच सांग.

करुणा


आंबेकोंड
९ डिसेंबर

करुणा,

तुला धम्मदीपने फोन केलाच असणार. पण कसं झालं ते त्याला पुरतं माहीत नाय. तुला लिहितो.

तुझं पत्र मला चार तारखेला मिळालं. वाचून डोकं फिरलं. मला वाटलं, हिने मालकाची बाजू घेतली. नोकरी टिकवायला खापर माझ्यावर फोडते. कालपर्यंत मालक चोर होता, आज मी गुन्हेगार? शिकलेली माणसं अशीच, असं आईला बोललो. पत्र खुंटीवरच्या पिशवीत टाकलं. स्प्रे आणला नाय. जानूभाऊला सांगितलं नाय. उलट गाडीला आणखी एक हात मारला.

सहा तारखेला दुपारी तेजस्वीच्या कळा सुरू झाल्या, बारा दिवस आधी. बापये सगळे दादरला. जानूभाऊची जीपही माणसं घेऊन दादरलाच गेलेली. गाडीत मी, आई, जनीआत्या आणि मागे आडवी तेजस्वी. दुसऱ्या वळणावर दिवा लागला. मी चावी बंद केली, परत फिरवली. पन्नास पावलं चढली, परत दिवा. परत चावी. मधे गाडी मागे सरकायची. आई नि जनीआत्या खाली उतरून चाकामागे जांभ्याचे चिरे लावत चालत होत्या. दोघी साठीच्या वरच्या. तेजस्वी ओरडत नव्हती. तिने सीटचं कव्हर दातात धरलं होतं. आरशात मला दिसत होतं.

वीस मिनिटांच्या घाटीला दीड तास लागला. माथ्यावर पोचलो आणि मुलगी झाली, गाडीतच. रडली नाय. निळी होती. जनीआत्याने पाठीवर चोळून चोळून श्वास आणला. तिथे रेंज होती, एकशे आठला फोन लावला. आता रत्नागिरीला काचेच्या पेटीत हाय. डॉक्टर म्हणतात, थांबा.

काल स्प्रे आणून सांधा घासला. तीन तास. थर निघाला तसा रॉड खट्कन मागे आला. तू लिहिलं होतंस तसाच.

एक मागतो. धम्मदीपला नि मंडळाला तेलाचं सांगू नको. गॅरेजने फसवलं एवढंच सांग. ते काय खोटं नाय ना? पुढे वाडीत गाडीची चावी माझ्या हातात राहू दे. माझं दुसरं हाय काय?

अभय


रत्नागिरी
११ डिसेंबर

अभयदादा,

अर्धं खरं सांगायला मी मालकांकडे शिकले, तेवढं शिक्षण पुरे झालं.

मी मंडळाला काल लिहून पाठवलंय. गॅरेजने न तपासता टर्बो बदलला. तू तेल लावलंस, आणि कळल्यावरही थांबला नाहीस. मी न तपासता सही केली. तीन ओळी, तीन नावं. माझं पहिलं घातलंय. एक प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली आणि नोकरी सोडली. ते म्हणाले, “गावभर बोंबलत फिरशील तर कुठल्या गॅरेजात उभी करतील तुला?” खरं असेल. केळशीच्या मास्तरांनाही पत्र टाकलंय.

तुला वाटेल मी मोठी धीट झाले. दवाखाना माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. पाच दिवस मी वॉचमनच्या हाती डबा पाठवते आणि फाटकातून परत येते. वहिनी आणि ती पेटी बघायला माझे पाय उचलत नाहीत. ‘वाचली, नशीब’ असं कुणी म्हटलं की मी भांडायला उठते. नशिबाचा काय संबंध? पेन्सिलीएवढा रॉड होता. दोघांपैकी एकानेही वेळेत बघितला असता तर पुरे होतं.

गाडी घेऊन ये. तू घासलास ते ठीक, पण मी दाबाचा काटा लावून बघितल्याशिवाय ती नीट झाली असं मी म्हणणार नाही.

करुणा


वॉर्डातून
१७ डिसेंबर

करुणा,

हे सिस्टरकडून कागद मागून लिहितेय. वॉचमनदादांच्या हातीच परत पाठवते, तुझीच रीत.

धम्मदीपने तुझं मंडळाचं पत्र मला वाचून दाखवलं. भावजी परवा आले होते. पेटीच्या काचेला हात लावून रडत होते, सिस्टरने बाहेर काढलं. तू डब्यातून माफी पाठवतेस. भाजीत मीठ जास्त असतं, रडत करतेस वाटतं. मला तुम्हा दोघांचा वीट आलाय. एकाला चावी जाईल याची भीती, दुसरीला तोंड दाखवायची लाज. त्या दीड तासात कव्हर माझ्या दातात होतं, तुमच्या नाही. आणि इथे येऊन मीच तुमचे डोळे पुसू काय?

मुलगी कालपासून पेटीबाहेर आहे. दूध ओढते. रात्री एवढी रडली की शेजारची बाई करवादली. मी त्या बाईला म्हटलं, रडू दे हो, तिचं राहिलंय.

गुरुवारी सोडतायत. घरी जाताना घाटी उतरायची, उतारावर कुठलीही गाडी चालते. पण पंधरा दिवसांनी हिला दाखवायला परत वर आणायचं आहे, आणि मग डोस आहेत. वर्षभर ही घाटी सुटणार नाही. वाडीला दुसरी गाडी नाही आणि दुसरा ड्रायव्हर नाही. म्हणून रागावून चालणार नाही, नाहीतर रागावले असते.

तेव्हा असं करायचं. भावजी उद्या गाडी आणतायत. तुझा तो काटा लाव. मग दोघं गावाला जा, मागे भाताची पोती भरा आणि घाटी तीनदा चढा. काटा काय सांगतो ते प्रत्येक वेळी लिहून ठेव आणि या वेळी बघून सही कर. कागद मला आणून दे, वॉचमनकडे नको, वॉर्डात वर ये.

दिवा लागला नाही तर गुरुवारी मी त्या गाडीत बसेन. तू पुढे बसायचं नाहीस. मागे माझ्याजवळ बसायचंस, आणि वळणं संपेपर्यंत मुलगी तुझ्या मांडीवर असेल.

तेजस्वी